मोनेचे कवडसे

पाच-सहा वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात प्रकाश आणि सावली या विषयावर मी व्याख्यान दिले. झाडाखाली पडणारे उन्हाचे कवडसे गोल का असतात, हा त्यातला मुख्य प्रश्न होता. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, पण जमिनीवरचे कवडसे मात्र बरेचसे गोल किंवा लंबगोल दिसतात. याचे उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकातल्या सूचिछिद्र प्रतिमाग्राहकात आहे. प्रत्येक बारीक फट म्हणजे एक सूचिछिद्र आणि प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याची एक प्रतिमा. योहानेस केप्लरने १६०४ मध्ये हे नीट उलगडून सांगितले. मी मात्र ते पुस्तकात वाचण्याआधी पाहिले होते. २४ ऑक्टोबर १९९५ च्या सूर्यग्रहणाच्या सकाळी आमच्या अंगणातल्या आंब्याखाली शेकडो चंद्रकोरी पसरल्या होत्या आणि शाळकरी वयातला मी आकाशाकडे बघायचे सोडून जमिनीकडेच बघत बसलो होतो.

व्याख्यानाच्या शेवटी, थोडे रंजन म्हणून, मी एक चित्र पडद्यावर दाखवले. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे ‘गवतावरचे भोजन’. उन्हाळ्यातले रान आहे. उंच झाडांखाली पांढरे कापड अंथरले आहे, त्यावर खाण्याचे पदार्थ, फळे, बाटल्या मांडल्या आहेत आणि भोवती वनभोजनाला आलेली मंडळी बसली-उभी आहेत. कापडावर, कपड्यांवर, गवतावर उन्हाचे तुकडे पडले आहेत. “पाहा, चित्रकारालाही कवडसे दिसले होते,” असे काहीसे मी म्हणालो आणि प्रश्न विचारायला सांगितले.

मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, “सर, आमच्या शाळेच्या चिंचेखाली कवडसे गोल पडतात. यांचे तर गोल नाहीत. वेडेवाकडे ठिगळासारखे आहेत. त्यांच्याकडचा सूर्य वेगळा आहे का?”

सगळे हसले. मीही हसलो आणि चित्रकाराला तेवढे स्वातंत्र्य असते, असे उत्तर दिले. बाई बसल्या नाहीत. “मग विज्ञानाच्या व्याख्यानात हे दाखवलंत कशाला?” त्यांनी विचारले.

मला उत्तर देता आले नाही. चित्र मी नीट पाहिलेच नव्हते. माझ्या सिद्धांताला शोभा यावी म्हणून ते मी शेवटी लावले होते. त्यानंतर एका परिषदेच्या निमित्ताने पॅरिसला जाणे झाले, तेव्हा ऑर्से संग्रहालयात या चित्रासमोर अर्धा दिवस घालवला. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता चित्राविषयी माझे जे मत बनले, ते या लेखात मांडत आहे. मी कलासमीक्षक नाही. पण एखाद्या चित्रात प्रकाश हाच विषय असेल, तर प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्याने त्यावर बोलायला हरकत नसावी. मात्र आधी पाहावे आणि मग बोलावे, एवढे पथ्य पाळायला हवे.

चित्राची हकिकत

१८६५ च्या उन्हाळ्यात मोने चोवीस वर्षांचा होता. पॅरिसच्या आग्नेयेला फोंतेनब्लोचे मोठे अरण्य आहे. त्याच्या कडेवरच्या शायी या गावात तो मुक्कामाला होता. एदुआर माने याच्या याच नावाच्या चित्राने १८६३ मध्ये पॅरिसमध्ये मोठी खळबळ उडवली होती. मोनेला त्याच विषयावर, पण खऱ्या रानातले, खऱ्या उजेडातले चित्र काढायचे होते. तेही थोडेथोडके नाही, चार मीटरहून उंच आणि सहा मीटरहून रुंद. माणसे जवळजवळ खऱ्या मापाची. फ्रेदेरिक बाझिय हा त्याचा चित्रकार मित्र त्याच्यासाठी निरनिराळ्या पोझ घेऊन उभा राहिला, त्यामुळे चित्रातल्या अनेक पुरुषांची अंगकाठी एकाच माणसाची आहे. कामी दाँस्यो ही पुढे मोनेची पत्नी झालेली तरुणीही यात आहे.

रानात मोनेने केवळ अभ्यासचित्रे केली. मोठा कॅनव्हास रंगवला तो नंतरच्या हिवाळ्यात, पॅरिसच्या स्टुडिओत. १८६६ च्या वसंतात भरणाऱ्या सरकारी प्रदर्शनासाठी, म्हणजे ‘सालों’साठी, ते पुरे व्हायला हवे होते. ते झाले नाही. मोनेने ते सोडून दिले आणि हिरव्या पोशाखातल्या कामीचे दुसरे चित्र पाठवले, ते स्वीकारलेही गेले. अपुरे राहिलेले चित्र तो गुंडाळून बरोबर नेत राहिला. १८७८ मध्ये घरभाडे थकले तेव्हा तारण म्हणून ते घरमालकाकडे ठेवावे लागले. घरमालकाने ते तळघरात टाकले. १८८४ मध्ये मोनेने ते सोडवून आणले, तोवर ओलीने त्याला बुरशी धरली होती. मोनेने ते कापले आणि तीन तुकडे ठेवले. त्यातला एक पुढे हरवला. उरलेले दोन आज ऑर्से संग्रहालयात आहेत. डाव्या बाजूचा तुकडा सव्वाचार मीटरच्या आसपास उंच आणि दीड मीटर रुंद आहे, मधला सुमारे अडीच मीटर उंच आणि सव्वादोन मीटर रुंद. संपूर्ण रचना कशी होती हे मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयातल्या लहान चित्रावरून कळते. शिबिरात मी दाखवले होते ते हेच.

‘इम्प्रेशनिझम’, मराठीत ज्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतात, हे नाव १८७४ साली पडले. म्हणजे हे चित्र त्या नावापेक्षा नऊ वर्षांनी मोठे आहे. तरीही त्या पंथाचे सगळे प्रश्न यात आहेत, आणि ते सुटलेले नसल्यामुळे अधिक स्पष्ट दिसतात.

ठिगळे कशी पडतात?

आता बाईंचा प्रश्न. सूर्याचा व्यास हा त्याच्या आपल्यापासूनच्या अंतराच्या सुमारे एकशे आठावा भाग आहे. जपमाळेतल्या मण्यांमुळे हा आकडा लक्षात ठेवायला सोपा जातो. त्यामुळे फटीतून पडणाऱ्या सूर्यप्रतिमेचा व्यासही फट ते जमीन या किरणाच्या वाटेवरच्या अंतराच्या एकशे आठावा भाग असतो. फांदी साडेपाच मीटरवर असेल तर कवडसा साधारण पाच सेंटिमीटरचा पडेल, सोळा मीटरवर असेल तर पंधरा सेंटिमीटरचा.

पण यात एक अट आहे, आणि व्याख्यानात मी ती गाळली होती. फट या प्रतिमेच्या मानाने लहान असली तरच कवडसा गोल होतो. फट मोठी असेल तर जमिनीवर फटीचाच आकार उमटतो. चिंचेची पाने किती बारीक असतात ते आपण जाणतो. त्यांच्यातल्या फटीही तशाच बारीक, म्हणून चिंचेखाली गोल कवडशांची रांगोळी दिसते. मोनेच्या चित्रातली झाडे उंच, मोठ्या विस्ताराची आहेत आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. तिथल्या फटी हातभर, दोन हात रुंद असणार. त्यातून येणारे ऊन ठिगळासारखेच पडणार. तेव्हा सूर्य तोच आहे, झाड वेगळे आहे. बाईंच्या प्रश्नाला हे साधे उत्तर मी त्याच दिवशी देऊ शकलो असतो.

एवढ्यावर मोनेला पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळे व्हावे असे मला वाटले होते. चित्रासमोर उभा राहिल्यावर मात्र दुसरीच गोष्ट खटकली. ठिगळांचा आकार ठीक आहे, त्यांच्या कडा ठीक नाहीत. सोळा-वीस मीटर उंचीवरच्या पानांची सावली कधीही रेखीव नसते. प्रच्छायेभोवती उपच्छायेचा पट्टा असतो आणि त्याची रुंदीही त्याच एकशे आठच्या हिशोबाने पंधरा ते अठरा सेंटिमीटर येते. म्हणजे एक वीत भरेल एवढ्या पट्ट्यात उजेड हळूहळू मावळत जायला हवा. चित्रातली माणसे खऱ्या मापाची असल्यामुळे हे तपासणे सोपे आहे. मोनेने पांढऱ्या कापडावर आणि फिक्या पोशाखांवर ऊन रंगवले आहे ते सपाट, ठाम फटकाऱ्यांनी. उजेड संपतो आणि लगेच सावली सुरू होते. काही फांद्या खाली लोंबत आहेत, त्यांच्या सावल्या रेखीव पडू शकतात हे खरे. पण सगळेच ऊन त्यांच्यामधून आलेले नाही.

तर मग मोने चुकला का? येथे प्रकाशाचे नियम सोडून डोळ्याकडे वळावे लागते. योगायोग असा, की मोने शायीला ही अभ्यासचित्रे करत होता त्याच १८६५ साली ऑस्ट्रियात एर्न्स्ट माख हा भौतिकशास्त्रज्ञ नेमका हाच प्रश्न सोडवत होता. उजेडाकडून अंधाराकडे हळूहळू जाणारा पट्टा आपल्याला कसा दिसतो? माखला आढळले, की पट्टा जिथे सुरू होतो तिथे आपल्याला एक अधिक उजळ रेघ दिसते आणि जिथे संपतो तिथे एक अधिक काळी रेघ. या रेघा प्रत्यक्षात नसतात. प्रकाशमापक लावला तर त्या सापडत नाहीत. दृष्टिपटलावर शेजारशेजारच्या पेशी एकमेकींचा प्रतिसाद दाबतात, त्यामुळे फरक असेल तिथे तो वाढवून मेंदूकडे पाठवला जातो. आपण त्यांना आज ‘माखचे पट्टे’ म्हणतो. मोने आणि माख यांना एकमेकांची खबर असण्याचे काही कारण नव्हते. पण मोने जे रंगवत होता ते कापडावर पडलेले ऊन नव्हते, कापडावर दिसणारे ऊन होते. डोळा कडा वाढवून दाखवतो, आणि मोनेने त्या वाढवलेल्या कडाच रंगवल्या. माझ्या मते त्याने त्या जरा जास्तच वाढवल्या. त्याचे कारण पुढे येईल.

कमी उजेडात जास्त उजेड

आता आणखी एक हिशोब करून पाहू. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. दाट पालवीखाली तो एक-दोन हजार लक्सवर येतो. म्हणजे कवडसा आणि त्याच्या शेजारची गर्द सावली यांच्यात पन्नास ते शंभर पटींचा फरक. त्यात भर म्हणून पांढरे कापड नव्वद टक्के प्रकाश परत फेकते, तर काळा कोट तीन-चार टक्केच. कवडशातले कापड आणि सावलीतला कोट यांच्या तेजात त्यामुळे हजार-दोन हजार पटींचा फरक पडतो.

चित्रकाराकडे काय असते? पांढरा रंग नव्वद टक्के प्रकाश परत फेकतो, काळा तीन-चार टक्के. झाला जास्तीत जास्त तीसपट फरक. आणि हे चित्र टांगलेले असते घरातल्या मंद उजेडात. हजारपट फरकाचे दृश्य तीसपटीत बसवायचे आहे. ही अडचण कोणत्याही कौशल्याने दूर होणारी नाही, कारण ती रंगद्रव्याची अडचण आहे. म्हणून ऊन जसेच्या तसे रंगवले, हे वाक्य कोणत्याच चित्राविषयी खरे नसते. चित्रकाराला कुठेतरी तडजोड करावी लागते आणि त्या चित्रकाराची दृष्टी त्या तडजोडीतच कळते.

जुन्या पद्धतीची तडजोड ठरलेली होती. सावल्या तपकिरी-काळ्या करत न्यायच्या, म्हणजे थोडासा पांढरा रंगही झळाळून उठतो. मोनेने पांढऱ्या कापडाच्या बाबतीत ती वाट सोडली. त्याने तेजाच्या फरकाचे काम रंगाच्या फरकाकडून करून घेतले. कापडावरचे ऊन पिवळसर पांढरे आहे आणि सावली निळसर राखाडी. ती सावली काळी तर नाहीच, पुरेशी गडदही नाही. तरी आपल्याला ऊन लख्ख वाटते, कारण ऊबदार रंगाशेजारी थंड रंग ठेवला की दोघेही एकमेकांना उठाव देतात. मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने रंगांच्या या परस्परपरिणामाचा सविस्तर अभ्यास १८३९ मध्येच प्रसिद्ध केला होता. कापडाच्या रंगकारखान्यात धाग्यांचे रंग शेजारी बदलले की वेगळे का दिसतात, या तक्रारीतून तो सुरू झाला होता.

आणि ही निळी सावली ही केवळ युक्ती नाही. झाडांच्या सावलीत पोचणारा प्रकाश कुठून येतो ते पाहा. थेट ऊन अडलेले असते. उरतो तो मोकळ्या आकाशाचा निळा प्रकाश, आणि पानांतून गाळून किंवा पानांवरून उडून आलेला हिरवा. हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेते, हिरव्यातला काही भाग सोडून देते. १९९३ मध्ये जॉन एंडलर या जीवशास्त्रज्ञाने अरण्यातल्या प्रकाशाची उपकरणांनी मोजणी करून त्याचे प्रकार पाडले. निरभ्र दिवशी गर्द पालवीच्या सावलीतला प्रकाश हिरवट असतो, विरळ झाडीच्या सावलीतला निळसर, लहान फटीतून पडलेला पिवळसर-तांबूस आणि मोठ्या मोकळ्या जागेतला पांढरा. हे वर्गीकरण हातात घेऊन मोनेच्या पांढऱ्या कापडाकडे पाहावे. विरळ झाडी आहे, सावली निळसर आहे, ऊन पिवळसर आहे. मोनेकडे वर्णपटमापक नव्हता. त्याने कापड अंथरले आणि पाहिले.

हे पाहणे किती अवघड होते ते त्या काळच्या टीकेवरून कळते. १८७६ मध्ये रेन्वार या मोनेच्या मित्राने पानांच्या सावलीतल्या एका स्त्रीचे चित्र प्रदर्शनात ठेवले. तिच्या कांतीवर हिरव्या-जांभळ्या छटा होत्या. ‘ल फिगारो’ या वृत्तपत्राचा टीकाकार आल्बेर वोल्फ याने तिची तुलना सडू लागलेल्या प्रेताशी केली. वोल्फला झाडाखालची माणसे कधी दिसली नव्हती असे नाही. पण माणसाच्या कातडीचा रंग कोणता हे त्याला आधीच माहीत होते, म्हणून तिथे पडलेला उजेड त्याला दिसला नाही. आपण वर्गात पान हिरवे, खोड तपकिरी आणि सावली काळी असे शिकवतो तेव्हा मुलांना वोल्फच्याच बाकावर बसवत असतो.

एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. इम्प्रेशनिस्टांनी प्रकाशशास्त्राचे सिद्धांत वाचून चित्रे काढली, असे विज्ञानाच्या लोकांना सांगायला आवडते. मीही सांगितले आहे. सिद्धांत डोळ्यांपुढे ठेवून ठिपक्याठिपक्यांनी चित्र काढणारा चित्रकार झाला, तो जॉर्ज सेरा. पण त्याचे प्रसिद्ध चित्र १८८४ ते १८८६ मधले, म्हणजे या चित्रानंतर वीस वर्षांनी आलेले. ‘गवतावरचे भोजन’मध्ये कुठल्याही सिद्धांताचा वापर दिसत नाही. दिसते ते निरीक्षण, आणि तेही एकसारखे नाही. कापडावर ते फार बारकाईचे आहे, मागच्या झाडीत पुष्कळसे ठरीव आहे.

दोन मिनिटांची मुदत

आता चित्र अपुरे का राहिले, याकडे येऊ. वेळ कमी पडला, हे उत्तर खरे आहे. पण त्याच्या पोटात दुसरे एक उत्तर आहे, आणि ते मोजता येते.

सूर्य आकाशात तासाला पंधरा अंश सरकतो. त्याचा स्वतःचा व्यास अर्ध्या अंशाचा आहे. म्हणजे स्वतःइतके अंतर सरकायला त्याला दोन मिनिटे लागतात. कवडसा ही सूर्याचीच प्रतिमा असल्यामुळे हाच नियम तिलाही लागू पडतो. झाड कितीही उंच असो, दर दोन मिनिटांनी गोल कवडसा आपली जागा सोडून शेजारच्या जागी जातो. मोठे ठिगळ थोडे अधिक टिकते, पण त्याच्या कडा त्याच वेगाने सरकत असतात. सोळा मीटर उंचीवरच्या फटीतून आलेले ऊन मिनिटाला सात सेंटिमीटर या हिशोबाने कापडावरून चालत जाते. चित्रकाराने पाहिले, कुंचला रंगात बुडवला, वर पाहिले, तर ऊन पुढे गेलेले असते.

तेव्हा कवडशांचे कोणतेही चित्र पाहून काढलेले नसते. ते आठवून काढलेले असते. आठवण दोन मिनिटांपूर्वीची असेल तर एक गोष्ट, चार महिन्यांपूर्वीची असेल तर दुसरी. धातूच्या नळीतले तयार रंग १८४१ पासून निघाले होते, त्यामुळे रंगपेटी घेऊन रानात जाणे सोपे झाले होते. पण सहा मीटरचा कॅनव्हास रानात नेता येत नाही. मोनेने उन्हाळ्यातला उजेड हिवाळ्यातल्या स्टुडिओत आठवला. मला खटकलेल्या त्या ठाम कडांचे कारण येथे आहे असे मला वाटते. डोळ्याने कडा एकदा वाढवल्या, आठवणीने त्या पुन्हा वाढवल्या. आपण काल पाहिलेली सावली आठवतो तेव्हा तिची उपच्छाया आठवत नाही.

या चित्राचा खरा दोष याहून मोठा आहे. त्यात दोन वेगवेगळ्या गतींचे काळ एकत्र आणले आहेत आणि ते जुळत नाहीत. ऊन दोन मिनिटांचे आहे. माणसे मात्र तासन्‌तास पोझ घेऊन उभी असल्यासारखी ताठर आहेत. त्यांच्या पोशाखांच्या घड्या फॅशनच्या पुस्तकातल्यासारख्या नीटनेटक्या आहेत. डाव्या तुकड्यातली मंडळी नुकतीच आली आहेत असे रचना सांगते, पण त्यांचे पाय तसे सांगत नाहीत. मधल्या तुकड्यातले अंथरलेले पांढरे कापड एवढीच एक जागा अशी आहे, की जिथे ऊन आता पडले आहे आणि आता जाईल असे वाटते. प्रयोगशाळेत प्रतिमा पकडायला आपण पांढरा पडदा लावतो. मोनेने रानात तसा पडदा लावला, आणि चित्रातला सर्वांत जिवंत भाग म्हणजे तो पडदा.

पुढच्याच वर्षी मोनेने ‘बागेतल्या स्त्रिया’ हे अडीच मीटर उंचीचे चित्र घेतले, तेव्हा मोठा कॅनव्हास स्टुडिओत न रंगवता बागेतच उभा केला. वरचा भाग रंगवायला हात पोचावा म्हणून जमिनीत चर खणून कॅनव्हास त्यात खाली उतरवण्याची सोय केली. १८६७ च्या सालोंने ते नाकारले. आणखी पंचवीस वर्षांनी, गवताच्या गंजींची चित्रे काढताना, त्याने अनेक कॅनव्हास शेजारी ठेवले आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलला. प्रयोग करणाऱ्याला यातली रीत ओळखीची वाटेल. बदलणारी राशी एकाच मापनात बसत नाही हे कळले, की आपण मापनांची मालिका घेतो. शायीच्या रानात जो प्रश्न हाताबाहेर गेला, त्याला ही मालिका हे उत्तर आहे. म्हणून ‘गवतावरचे भोजन’ हे मला फसलेल्या पण प्रामाणिक प्रयोगासारखे वाटते. असा प्रयोग का फसला हे कळले, तर पुढचा प्रयोग कसा करायचा ते कळते. मोनेने बुरशी लागलेले तुकडेही जन्मभर टाकले नाहीत, याचा अर्थ मी असा लावतो.

चादर आणि पेन्सिल

पॅरिसहून आल्यावर मी शिबिराच्या आयोजकांकडून बाईंचा पत्ता मिळवला आणि त्यांना सविस्तर पत्र लिहिले. तुमचा प्रश्न बरोबर होता, माझे उत्तर चुकीचे होते, हे पहिल्या ओळीत लिहिले. शेवटी एक प्रयोग सुचवला. तो या अंकाच्या वाचकांनाही करता येईल. निरभ्र दिवशी, दहा ते दोनच्या दरम्यान, झाडाखाली पांढरी चादर अंथरावी. एक कवडसा निवडून पेन्सिलने त्याची कड काढावी. दर मिनिटाला पुन्हा काढावी. वारा असेल तर थोडे थांबावे. कवडशाची रुंदी मोजून तिला एकशे आठने गुणले, की फटीपर्यंतचे अंतर मिळते. कवडसा लंबगोल असेल तर त्याची लहान बाजू मोजावी. मग चादरीवरच्या सावलीचा रंग कोणता, हे मुलांना विचारावे आणि त्यांनी सांगितलेला रंग खोडू नये.

महिन्याभराने बाईंचे उत्तर आले. आठवीच्या वर्गाने चिंचेखाली चादर टाकली होती. वीस मिनिटांत एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची वाकडी साखळी तयार झाली, काही कवडसे मध्येच विझले, आणि कड नेमकी कुठे काढायची यावरून दोन मुलांचे भांडण झाले. भांडण उपच्छायेचे होते हे बाईंनी लगेच ओळखले. सावलीच्या रंगाबद्दल वर्गात तीन पक्ष पडले आहेत, काळी, निळी आणि हिरवट, आणि अजून निकाल लागलेला नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले होते, “तुमचे ते चित्र घेऊन एकदा या. मुलांना बघायचे आहे, त्या माणसाने कड कुठे काढली.”

मी जायचे कबूल केले आहे. पावसाळ्याआधी जायला हवे, नाहीतर कवडसे मिळायचे नाहीत.